पुण्याचा कचरा आणि आपली माती, पाणी, हवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांमध्ये ओला-सुका कचऱ्याच्या बैठका घेताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत, कारण तिथं दोन वाक्यांत भागत नाही.

आमच्या दारातून रोज कचरा उचलला जातो, रस्तेही झाडले जातात. मग प्रदूषण होतं कुठं?

आपल्या नजरेआड होतं. पुणे महापालिकेच्या हद्दीत दिवसाला २,००० टनांच्या पुढे कचरा तयार होतो. पूर्वी तो वनाजजवळच्या कोथरूड डेपोत जायचा. आज तिथं मेट्रोचा डेपो उभा आहे. त्या भागात वस्ती वाढली, लोक ओरडू लागले, तसा कचरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे सरकला. १९९०च्या दशकापासून तिथल्या १६३ एकर जागेत शहराचा कचरा पडत राहिला. पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीला जातो. नदीत टाकलेला किंवा नाल्यातून वाहून गेलेला कचरा दौंड, इंदापूर ओलांडून उजनीपर्यंत पोचतो. जाळलेला कचरा कुठं जात नाही, तो आपल्याच फुफ्फुसात उतरतो.

म्हणजे सदाशिव पेठेत, औंधात किंवा कोंढव्यात डबा रिकामा झाला, एवढंच घडलेलं असतं. त्याची किंमत मोजणारी माणसं वेगळ्या गावात राहतात. या पानावरची सगळी उत्तरं मी हे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

सगळाच कचरा घातक असतो का?

नाही, आणि हे नीट समजलं की निम्मी लढाई सोपी होते. भाजीची देठं, आंब्याच्या साली, उरलेला भात हे मातीतूनच आलेलं आहे. मोकळ्या हवेत कुजलं तर खत होतं. वर्तमानपत्र, पुट्ठा, पत्र्याचा डबा, काचेची बाटली कोरडी आणि स्वच्छ असेल तर तो कच्चा माल आहे, भंगारवाला त्याचे पैसे देतो. घरात खरोखर विषारी म्हणाव्यात अशा वस्तू थोड्या असतात : सेल, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, कीटकनाशकं, मुदत संपलेली औषधं.

अनर्थ होतो तो हे सगळं एका पिशवीत गाठ मारून टाकल्यावर. ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, तो सडतो आणि आम्लं तयार होतात. त्या आम्लधर्मी पाण्यात सेलमधलं, रंगातलं, इलेक्ट्रॉनिक भागांतलं शिसं, कॅडमियम, निकेल विरघळायला लागतं. वेगळी राहिली असती तर निरुपद्रवी ठरली असती अशी साल आणि एरवी आवरणात बंद राहिला असता असा सेल, दोघं मिळून मातीत आणि विहिरीत जाणारं विष बनवतात. पुट्ठा भिजतो, त्याची किंमत जाते. प्लास्टिकला आमटी लागली की ते कुणी विकत घेत नाही. ओला आणि सुका वेगळा ठेवा असं आम्ही घसा कोरडा करून सांगतो त्यामागं हे रसायनशास्त्र आहे.

कचऱ्याच्या ढिगातून काळं पाणी वाहतं ते नेमकं काय असतं?

त्याला लिचेट म्हणतात. आपल्या घरच्या ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ढीग दबला की ते सुटतं, आणि वरून पाऊस पडला की गाळणीतून चहा उतरावा तसं ढिगातून मुरत मुरत, वाटेतलं जे जे विरघळेल ते सोबत घेऊन खाली येतं. त्यात सेंद्रिय आम्लं असतात, अमोनिया असतो, क्षार असतात, जड धातू असतात, जंतूही असतात.

त्याची तीव्रता किती, याचा अंदाज घ्या. पाणी किती सडकं आहे हे मोजायला जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, हे माप वापरतात. त्या पाण्यातली घाण पचवताना जीवाणू किती प्राणवायू खातील, ते यातून कळतं. आंघोळीयोग्य नदीसाठी ही मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. घरगुती मैलापाण्यात ती साधारण दोनशे-तीनशेच्या घरात असते. ताज्या कचऱ्याच्या लिचेटमध्ये ती हजारांत जाते, कधी दहा हजारांच्याही पुढे. असं पाणी ओढ्यात शिरलं की ओढ्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात.

म्हणून नव्या क्षेपणभूमीच्या, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेच्या, तळाशी चिकणमाती आणि जाड प्लास्टिकचं अस्तर घालतात, लिचेट नळांनी गोळा करून शुद्ध करतात. जुन्या डेपोंत असं काही नव्हतं. उघड्या जमिनीवर ढीग रचले गेले.

फुरसुंगी-उरुळीच्या लोकांचं नेमकं काय बिघडलं?

विहिरी बिघडल्या. ज्या पाण्यावर शेती होती आणि जे पाणी घरात प्यायलं जायचं, त्याला रंग आणि वास येऊ लागला. गावांना टँकरवर आणि बाहेरून आणलेल्या पाण्यावर अवलंबून राहावं लागलं. माश्या, दुर्गंधी, उन्हाळ्यात डेपोच्या आगीचा धूर, डंपरची रहदारी हे वेगळंच. गावकऱ्यांनी कितीतरी वेळा रस्त्यावर उतरून कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. प्रत्येक वेळी शहरात बातमी आली ती ‘पुण्यात कचराकोंडी’ अशी. कोंडी त्यांची होती, आणि ती गाड्या अडवल्यापासून सुरू झालेली नव्हती.

पुढे काही ढिगांवर मातीचं आच्छादन घालून ते बंद केले गेले. जुना कचरा खणून, चाळून वेगळा करण्याचं बायोमायनिंगही सुरू झालं. चाळणीतून माती, दगड, प्लास्टिक, चिंध्या वेगळ्या निघतात आणि जागा मोकळी होऊ शकते. हे काम करायलाच हवं. पण जमिनीत मुरलेलं लिचेट चाळून काढता येत नाही. भूजल एकदा बिघडलं की सुधारायला वर्षानुवर्षं लागतात, याची जाणीव ठेवूनच पुढचा डेपो कुठं करायचा याची चर्चा व्हायला हवी. माझ्या मते तर पुढचा डेपो लागूच नये अशी व्यवस्था हवी, आणि त्याची सुरुवात ओला कचरा शहरातच जिरवण्यापासून होते.

आम्ही डेपोपासून लांब राहतो. आमच्या बोअरला काय धोका?

आपल्या पायाखाली दख्खनचा काळा कातळ आहे, बेसॉल्ट. अखंड कातळातून पाणी जात नाही. ते जातं भेगांतून, सांध्यांतून आणि वरच्या झिजलेल्या मुरुमाच्या थरातून. वाळूच्या प्रदेशात पाणी हळूहळू झिरपतं आणि थोडंफार गाळलंही जातं. भेगेतून गेलं तर ते झपाट्यानं आणि न गाळता पुढं सरकतं. त्यामुळे अंतरावरून धोका ठरवता येत नाही. भेग कुठून कुठं जाते यावर सगळं अवलंबून असतं. एका सोसायटीची बोअर स्वच्छ आणि शेजारची खराब असं पुण्यात सर्रास दिसतं.

शहरात बोअरला मोठा धोका बहुतेकदा जवळच्या गळक्या ड्रेनेजचा, सेप्टिक टाकीचा आणि नाल्याकाठी साचलेल्या कचऱ्याचा असतो. बोअरचं पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तपासून घ्या. जंतू, नायट्रेट, क्लोराइड आणि एकूण विरघळलेले क्षार एवढं तरी बघा. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही एकदम वाढले असतील तर मैलापाणी किंवा लिचेट आत शिरत असल्याची दाट शक्यता असते.

पाणी उकळलं की झालं ना?

जंतूंपुरतं झालं. नायट्रेट, शिसं, कॅडमियम उकळून जात नाहीत. उलट पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण थोडं वाढतंच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापेक्षा जास्त नायट्रेट असलेलं पाणी वापरून तान्ह्या बाळाची दुधाची पावडर कालवू नका. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्यानं घटते.

जंतूंचा प्रश्नही हलक्यानं घेण्याजोगा नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. दोन्ही दूषित अन्नपाण्यातून पसरतात. त्या दिवसांत आपण सगळ्यांनी पाणी उकळलं. ती सवय मोडू नका.

मुळा-मुठा कचऱ्यामुळे मेली की सांडपाण्यामुळे?

मुख्यतः सांडपाण्यामुळे. कचऱ्याच्या कामातली असूनही मी हे स्पष्ट सांगते, कारण पुलावरून पिशवी टाकणाऱ्याला पकडलं की नदी सुधारली असा समज पसरायला नको. खडकवासल्याच्या पुढं उन्हाळ्यात मुठेच्या पात्रात जे वाहतं त्यात धरणाचं पाणी नावापुरतं असतं. धरणाचं पाणी कालव्यातून आणि नळातून निघून गेलेलं असतं. पात्रात असतं ते आपल्या स्वयंपाकघरांचं, न्हाणीघरांचं आणि संडासांचं पाणी, काही शुद्ध केलेलं, काही तसंच. शुद्धीकरणाची क्षमता वाढवण्यासाठी जपानच्या जायका संस्थेच्या अर्थसाहाय्यानं ११ नव्या केंद्रांचा, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यासाठीचा करार २०१६ मधला आहे.

पण घनकचऱ्याचाही वाटा आहे, आणि तो ओढ्यानाल्यांतून येतो. आंबिल ओढा, रामनदी, भैरोबा नाला यांच्या काठी कचरा आणि राडारोडा टाकला जातो. पहिल्या मोठ्या पावसात प्लास्टिक पुलाच्या मोऱ्यांत आणि ड्रेनेजच्या झाकणांत अडकतं, पाणी तुंबतं, मैलापाण्याच्या वाहिन्या उसळतात आणि जे केंद्राकडे जायला हवं ते नदीत जातं. एक पिशवी अशी दोन प्रकारे नदी घाण करते.

आणि नदी संगमावर संपत नाही. संगमवाडीहून ती मुंढवा, मांजरी, थेऊर करत दौंड-शिरूरच्या सीमेवर भीमेला मिळते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीतून, उचललेलं पाणी जुन्या मुठा कालव्यातून, शेतकरी ज्याला बेबी कालवा म्हणतात त्यातून, हवेली-दौंडच्या शेतांना जातं. भीमा पुढं उजनीत साठते. आपण ज्या भिगवणला रोहित पक्षी बघायला हौसेनं जातो ते उजनीचंच फुगवट्याचं पाणी. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. पुण्यात नळाखाली भांडी घासताना वापरलेल्या साबणातलं फॉस्फेट तिथं शेवाळ माजवायला हातभार लावतं.

जलपर्णी काढली की पाणी स्वच्छ होईल?

होणार नाही. जलपर्णी हे लक्षण आहे, तिला मैलापाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस पोसतो. तरीही ती काढावी लागते, कारण ती उजेड आणि हवा अडवते आणि तिच्याखाली डास वाढतात. मात्र काढून काठावरच टाकली तर कुजून सगळं पोषण परत नदीत उतरतं.

आळंदीत इंद्रायणीवर फेस येतो तो कशाचा?

साबण आणि डिटर्जंटमध्ये फेस आणणारी जी द्रव्यं असतात, ती प्रक्रिया न झालेल्या घरगुती आणि औद्योगिक सांडपाण्यातून नदीत येतात. बंधाऱ्यावरून पाणी कोसळलं की घुसळून फेस होतो. तो पिऊ नये, अंगाला लावू नये आणि लहान मुलांना त्यात खेळू देऊ नये. वारकऱ्यांना हे सांगताना मला फार वाईट वाटतं, पण सांगावं लागतं.

निर्माल्य आणि मूर्तीनं नदी एवढी बिघडते का? श्रद्धेचा प्रश्न आहे.

श्रद्धा जपूनच उत्तर देते. फुलं, दुर्वा, पत्री हा चांगला ओला कचरा आहे. वाहत्या, भरपूर पाण्याच्या नदीत चार घरांचं निर्माल्य जिरत असे. आज लाखो घरं आहेत आणि नदीत पाणीच नाही, त्यामुळे ते कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं. शिवाय हारासोबत प्लास्टिकची दोरी, थर्माकोल, चकाकणारी कागदफुलं जातात. निर्माल्य कलशात द्या किंवा स्वतःच्या कुंडीत जिरवा. देवाला वाहिलेलं फूल तुळशीच्या मातीत जावं, यात गैर काही नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते पाण्यात सहज विरघळत नाही, तळाशी चिकट थर साचतो. रंगांमध्ये जड धातू असू शकतात. यावर पुण्यातल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं एक सोपा मार्ग दाखवला : बादलीत अमोनियम बायकार्बोनेटचं द्रावण करून त्यात मूर्ती विसर्जित करायची. मूर्ती विरघळून खाली कॅल्शियम कार्बोनेट उरतं आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, जे खत म्हणून झाडांना पातळ करून घालता येतं. महापालिका २०१६पासून गणेशोत्सवात हे रसायन नागरिकांना देत आली आहे. दार उघडं ठेवा, वायू सुटतो. शाडूची मूर्ती असेल तर यातलं काहीच लागत नाही. साधी बादली पुरते आणि तीच माती पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येते.

झाडांचा पाला जाळला तर काय बिघडतं? पाला तर नैसर्गिक आहे.

पाला नैसर्गिक आहे, धूर नाही. ओलसर पाला धुमसतो, भडकत नाही, आणि धुमसणाऱ्या आगीतून सर्वांत जास्त सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि डोळे चुरचुरवणारे वायू निघतात. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याचे असतात. ते नाकात अडत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथून काही रक्तातही उतरतात. भारतात या कणांसाठी वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा फक्त ५ आहे.

पुण्यात याला ऋतूची साथ मिळते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, वारा पडलेला असतो. टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात धूर झाकण ठेवल्यासारखा अडकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते आणि झाडलोट केल्यावर कोपऱ्यात ढीग पेटवले जातात. सकाळी सात वाजता फिरायला बाहेर पडलेले आजी-आजोबा आणि शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं तोच धूर घेतात.

पाल्याच्या ढिगात हमखास वेफर्सची पाकिटं आणि पिशव्या असतात. त्यात पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेलं प्लास्टिक, असेल तर कमी तापमानाच्या आगीत हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन ही अतिविषारी द्रव्यं तयार होतात. डायॉक्सिन चरबीत साठतं. ते चाऱ्यावर बसतं, जनावरांच्या दुधात येतं आणि माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षं राहतं. तांब्यासाठी वायरी जाळणं हा यातला सर्वांत वाईट प्रकार, कारण तांबं डायॉक्सिन बनण्याच्या क्रियेला चालना देतं.

उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड सांगितला आहे. पण दंडापेक्षा मला पोतं जास्त भरवशाचं वाटतं. पाला पोत्यात भरून ठेवा. ओला कचरा जिरवणाऱ्या शेजाऱ्याला तो सोन्यासारखा हवा असतो.

आमचा वॉचमन थंडीत शेकोटी पेटवतो आणि हाताला येईल ते जाळतो. त्याला कसं अडवायचं?

आधी त्याला जाड स्वेटर, कानटोपी, घोंगडी द्या आणि बसायला वारा न लागणारी जागा द्या. रात्रभर उघड्यावर बसलेल्या माणसाला धुराचं शास्त्र सांगू नये. सोसायटीच्या एका बैठकीच्या चहापाण्यात हा खर्च भागतो.

कचरा डेपोला आपोआप आग कशी लागते?

ढिगाच्या आत हवा नसते, तिथले जीवाणू अन्न कुजवून मिथेन तयार करतात. डेपोतून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २८ पट हवा तापवतो, आणि तो पेटतो. कुजताना ढीग आतून गरम असतोच. एप्रिलच्या उन्हात एखादी ठिणगी, फेकलेली बिडी किंवा फुटलेली लिथियम बॅटरी पुरते. मग आग ढिगाच्या पोटात धुमसत राहते. वरून पाणी मारलं तर आतपर्यंत पोचत नाही आणि लिचेट मात्र वाढतं. म्हणून बऱ्याचदा माती टाकून आगीची हवा तोडतात.

उरलेला भात डेपोत गेला नाही तर तो तिथं मिथेन करू शकत नाही. इतका सरळ उपाय हवामानाच्या प्रश्नात क्वचितच सापडतो.

मग जाळून वीज केली की प्रश्न मिटला, असं नाही का?

मोशीत पिंपरी-चिंचवड महापालिकेचा असा प्रकल्प आहे. दिवसाला सुमारे ७०० टन कचऱ्यापासून १४ मेगावॉट वीज अशी त्याची रचना असून २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. नियंत्रित भट्टी आणि कोपऱ्यावरची आग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भट्टीत ८५० अंशांच्या वर तापमान राखलं आणि धूर धुऊन, गाळून सोडला तर डायॉक्सिन आटोक्यात राहतात.

तरी माझं मत विचाराल तर जे कुजू शकतं आणि जे विकलं जाऊ शकतं ते भट्टीत जाता कामा नये. आपल्या कचऱ्यात पाणी फार, त्यामुळे ओला कचरा जाळायचा म्हणजे आधी पाणी आटवण्यात उष्णता घालवायची. राखेचं काय करायचं, हाही प्रश्न उरतो. गाळणीत अडकलेल्या बारीक राखेत जड धातू एकवटलेले असतात आणि ती घातक कचरा म्हणून वेगळी सांभाळावी लागते.

नदीकाठच्या मळ्यातल्या पालेभाज्या खाव्यात का?

सरसकट नको म्हणणार नाही, कारण त्या मळ्यांवर कुटुंबं जगतात आणि नदी त्यांनी घाण केलेली नाही. मैलापाण्यावरच्या भाजीत पहिला धोका जंतूंचा असतो. चांगली धुऊन, शिजवून खा, कोशिंबिरीला ती कोथिंबीर, पालक, मुळ्याचा पाला कच्चा घेऊ नका. दुसरा धोका जड धातूंचा, तो धुऊन जात नाही. पालेभाज्या फळभाज्यांपेक्षा कॅडमियम जास्त शोषतात, म्हणून रोज एकाच मळ्याची पालेभाजी खाणं टाळावं. धातू मातीत शिरले की कुजत नाहीत, उडून जात नाहीत, तिथंच राहतात.

याच कारणानं मिसळलेल्या कचऱ्यापासून केलेलं खत शेतकरी नाकारतात. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात किलोमागे शिसं १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. घरातच वेगळा केलेला कचरा असला तर ती पाळणं अवघड नसतं. सगळं एकत्र आलेल्या ढिगातून ती पाळणं फार कठीण, आणि काचेचे तुकडे येतात ते वेगळेच.

आमच्या सोसायटीच्या खताच्या टाकीला घाण वास येतो. लोक ती बंद करा म्हणतात.

बंद करू नका, पाला घाला. जवळपास प्रत्येक बिघडलेल्या टाकीत हेच आढळतं : ओलं फार, कोरडं कमी, हवा नाही. कुजवणाऱ्या जीवाणूंना साधारण ३० भाग कार्बनमागे १ भाग नायट्रोजन लागतो. भाजीपाला आणि शिळं अन्न नायट्रोजन देतं, सुका पाला, लाकडाचा भुसा, नारळाचा काथ्या कार्बन देतो. प्रत्येक बादली ओल्या कचऱ्यावर जवळपास तेवढाच चुरलेला पाला पसरा आणि दोन-तीन दिवसांनी ढवळा. मूठभर मिश्रण हातात दाबून बघा. पाण्याचे दोन-चार थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर पाला वाढवा.

सडक्या अंड्यांसारखा वास म्हणजे हवा कमी आहे. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे पाला कमी. पांढरट-करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचरा खाऊन काम लवकर उरकतात, फक्त झाकण लावा. चाळीस ते साठ दिवसांत पावसाच्या मातीसारखा वास येऊ लागला की खत तयार.

२०१६च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल यांपैकी एक प्रकल्प चालू ठेवणाऱ्या निवासी मिळकतींना सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सवलत देते. टाकी बंद पडली की सवलतही जाते, हे बैठकीत आठवणीनं सांगा.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कुठल्या डब्यात?

कुठल्याही नाही, वेगळे. कागदात घट्ट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा आणि वेगळे हातात द्या. तुमचा कचरा हातांनी निवडणाऱ्या ताईला ती गुंडाळी उघडावी लागू नये, एवढाच हेतू आहे. संडासात टाकू नका, पाणी शोषून फुगतात आणि ड्रेनेज तुंबवतात.

सेल, ट्यूबलाइट, जुने मोबाइल, औषधं?

एक खोका ठेवा, वर्षभर त्यात साठवा. ट्यूब आणि सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, न फोडता मूळ पुठ्ठ्यात ठेवा. फुटली तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर जा, मग ओल्या कागदानं टिपा. तिथं झाडू फिरवू नका. फुगलेली मोबाइलची बॅटरी लगेच वेगळी करा आणि कचऱ्याच्या गाडीत कधीच टाकू नका, दाबली गेली की पेटते. हे सगळं ई-कचरा संकलन मोहिमेत किंवा अधिकृत पुनर्वापर केंद्रात द्या. भंगारवाल्याकडे देऊ नका, कारण तिथून ते वायरी जाळणाऱ्यांपर्यंत जाऊ शकतं. अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या बेसिनमध्ये विरघळवू नका. नदीतल्या जंतूंना त्या औषधाची सवय लागते.

‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी चालते ना?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र आणि भारतीय मानक १७०८८ हा क्रमांक छापलेला असेल तर केंद्राच्या नियमांनुसार चालते. पण ती कुजते औद्योगिक कंपोस्टच्या साठेक अंशांच्या उष्णतेत. ओढ्यात किंवा तुमच्या कुंडीत ती महिनोन्महिने तशीच राहू शकते. साधी प्लास्टिक पिशवी त्याच नियमांनुसार ३१ डिसेंबर २०२२पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. कापडी पिशवी न्या.

घराचं काम काढलं आहे. राडारोडा ठेकेदार ‘कुठंतरी’ टाकतो म्हणाला.

ते ‘कुठंतरी’ बहुधा ओढ्याचा काठ किंवा टेकडीचा पायथा असतो. ओढा अरुंद होतो आणि पुढच्या पावसात खालच्या वस्तीत पाणी शिरतं. सिमेंटच्या धुळीनं हवा खराब होते ती वेगळी. महापालिकेचं राडारोडा प्रक्रिया केंद्र वाघोलीला आहे. ठेकेदाराच्या बिलात वाहतुकीची रक्कम आधीच लिहून घ्या आणि पावती मागा, पावती दाखवेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

आम्ही घरात वेगळं करतो, पण गाडीत सगळं एकत्रच टाकतात. मग उपयोग काय?

राग योग्य आहे. असं घडत असेल तर गाडीचा नंबर, वेळ आणि फोटो घेऊन आपल्या क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकांकडे लेखी तक्रार करा. एकट्यानं करू नका, सोसायटीच्या लेटरहेडवर करा.

पण त्याआधी एक गोष्ट बघा. पुण्यात बऱ्याच ठिकाणी कचरा आधी कचरावेचक ताईंच्या हातात जातो. १९९३ मध्ये इथल्या कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली आणि त्यातूनच पुढं ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली. या बायका दारोदार कचरा घेतात, सुका निवडतात आणि विकतात. त्यामुळे कितीतरी टन पुट्ठा, प्लास्टिक, पत्रा डेपोत पोचतच नाही. तुम्ही वेगळा करून दिलेला सुका कचरा गाडी येण्याआधीच त्यांनी काढून घेतलेला असतो. तुम्हाला दिसतं ते उरलेलं असतं. तेव्हा ताईंना थांबवून विचारा की तुमच्या इमारतीतून कुठला माल चांगला येतो आणि कुठला वाया जातो. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून वेगळ्या दिल्या तर त्यांना भाव मिळतो. फुटलेली काच जाड कागदात बांधून वर ‘काच’ असं लिहिलं तर हात कापत नाहीत. आणि ओल्या कचऱ्याचं म्हणाल, तर तो सोसायटीतच जिरला की कुठल्याच गाडीत चढवायचा उरत नाही.